पहिला हात

गेल्या अंकात आम्ही बारावीनंतरच्या वाटांविषयी लिहिले होते. अंक घरोघरी पोहोचल्यावर चार-पाच फोन आले. त्यातला एक इथलाच, शांतीनगरचा. बोलणाऱ्या बाईंचा सूर तक्रारीचा होता. "सर, तुम्ही पॅरामेडिकलचे नाव घेतलेत आणि आमच्या मुलीने तेच धरून ठेवले. म्हणते, अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करायचे. रात्री-अपरात्री, परक्यांच्या घरी, रस्त्यावर! तिचे अब्बा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. आता तुम्हीच तिला समजावा."

आम्ही म्हणालो, थोडा वेळ द्या. ज्याला यातले कळते त्याला विचारून सांगतो. कारण या बाबतीत आमची स्वतःची लायकी किती, ते आम्हाला चौदा वर्षांपूर्वीच कळले आहे.

तेव्हा नववीच्या वर्गावर आमचा तास चालू होता. एक मुलगा बाकावरून खाली पडला. अंग ताठ झाले, दात घट्ट बसले, मग झटके सुरू झाले. कोणी ओरडले कांदा आणा, कोणी चप्पल हुंगवा म्हणाले. शिपायाने किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबला. आणि आम्ही, बी.एड. झालेले, दोन भाषा शिकवणारे, आम्ही त्याच्या दातांत चमचा घालायला बघितले आणि मग तोंडात पाणी ओतले. मुलगा वाचला, अल्लाहचा शुक्र. आमच्या हुशारीमुळे तर नक्कीच वाचला नाही.

त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारा एक मुलगा पुढे बी.यू.एम.एस. झाला आणि आज ठाणे जिल्ह्यात १०८ च्या गाडीवर डॉक्टर आहे. मागे एका निकाहात भेटला तेव्हा हसत म्हणाला, "सर, त्या दिवशी ते पाणी फुफ्फुसात गेले असते तर?" मग त्याने सांगितले की करायचे होते ते फारच थोडे. बाक बाजूला सरकवायचे, डोक्याखाली दप्तर किंवा ओढणीची घडी ठेवायची, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काहीही घालायचे नाही, झटके थांबले की कुशीवर वळवायचे. आणि घड्याळ बघायचे. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर १०८.

बाईंच्या फोननंतर आम्ही त्यालाच गाठले. विचारले, हे काम तू कुठे शिकलास? आम्हाला वाटले, कॉलेजचे नाव सांगेल. तो म्हणाला, "अर्धे काकांकडून."

हे काका म्हणजे त्याच्या गाडीचे चालक. १०८ मध्ये चालकाला पायलट म्हणतात. वाड्याकडचे, पन्नाशीचे गृहस्थ. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. ९३७ गाड्यांची योजना होती. त्यात २३३ व्हेंटिलेटर वगैरे मोठ्या सोयींच्या आणि ७०४ प्राथमिक सोयींच्या. प्रत्येक गाडीवर एक डॉक्टर असतो, आणि हे डॉक्टर बहुतेक आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानी पदवीचे. त्यांना तातडीच्या उपचारांचे वेगळे प्रशिक्षण दिले जाते. काका सुरुवातीच्या काळापासून गाडीवर आहेत. किती डॉक्टर आले, शिकले आणि दवाखाना टाकून निघून गेले, त्यांच्या बोटांवर मोजून होत नाही.

पहिल्या दिवशी आमचा विद्यार्थी गाडी थांबताच उडी मारून पळाला. काकांनी मागून हाक मारली, "डॉक्टर, बॅग!" तिसऱ्या मजल्यावर पोहोचून परत खाली यावे लागले असते. हा पहिला धडा. मग रोज एकेक. भिवंडीच्या चाळीत जिन्याला वळण असते, तिथे स्ट्रेचर वळत नाही. खुर्ची मागायची किंवा जाड चादर. खोलीत जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याला काम द्यायचे: "भाईजान, गल्लीच्या तोंडावर उभे राहा आणि रस्ता मोकळा करा." गर्दीही हटते आणि त्याचे रडणेही थांबते. जी आजी कोपऱ्यात गप्प बसलेली असते तिला विचारायचे की हे कधी सुरू झाले, कारण खरी वेळ तिलाच माहीत असते. यंत्रमागाच्या कारखान्यात शिरताना आधी माग बंद आहे ना, वीज तोडली आहे ना, हे बघायचे, मगच पट्ट्यात अडकलेल्या हाताला हात लावायचा. नाहीतर एकाचे दोन जखमी.

हे कुठल्या पुस्तकात नसते असे नाही. असते. पण पुस्तकातले वाक्य आणि रात्री दोन वाजता अंधारा जिना यांच्यामध्ये कोणीतरी उभे असावे लागते. आपल्या भिवंडीकरांना हे वेगळे सांगायला नको. माग चालवायला कोण पुस्तकातून शिकले? नवा पोरगा महिनोन् महिने जुन्या कारागिराच्या मागे उभा राहतो, तुटलेला धागा जोडतो, जॉबरच्या शिव्या खातो, तेव्हा कुठे त्याच्या हाती माग येतो.

एक मात्र त्याने आम्हाला बजावून सांगितले. काका औषध देत नाहीत, सुई टोचत नाहीत. ते डॉक्टरचे काम. पण कुठे उभे राहायचे, कधी निघायचे आणि कधी दोन मिनिटे थांबायचे, हे ते शिकवतात.

तो या कामाकडे वळला त्याचे कारण २१ सप्टेंबर २०२० ची पहाट. आपल्याकडे ती तारीख कोणी विसरलेले नाही. धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे पावणेचारच्या सुमारास कोसळली. १९८४ साली बांधलेली, तीन मजली. लोक झोपेत होते. ४० च्या आसपास माणसे गेली. ठाण्याचे आपत्ती प्रतिसाद दल आले, एन.डी.आर.एफ.चे जवान आले, श्वानपथक आले, आणि तीन दिवसांहून जास्त काम चालले. पण ते पोहोचण्याआधी तिथे कोण होते? शेजारी. वीसेक जणांना तर स्थानिक लोकांनीच बाहेर काढले, अशा बातम्या त्या दिवशी आल्या होत्या. आमचा विद्यार्थी तेव्हा कॉलेजात होता, लॉकडाऊनमुळे घरीच. तोही धावला. घमेली पुढे सरकवण्याच्या रांगेत उभा राहिला. "सर, मी चार वर्षे वैद्यकी शिकत होतो," तो म्हणाला, "आणि मला घमेले उचलण्यापलीकडे काही येत नव्हते. एकाने विचारले, पाय अडकला आहे, ओढू का? मी म्हणालो, माहीत नाही."

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्याने आता सांगितले, आणि ते ऐकून आम्ही चरकलो. मांडी किंवा पाय तासन् तास स्लॅबखाली चिरडून राहिला की तिथले स्नायू मरू लागतात. त्यातून पोटॅशियम आणि इतर विषारी द्रव्ये साचतात. वजन उचलले की ती एकदम रक्तात जातात. आत्तापर्यंत बोलणारा, पाणी मागणारा माणूस बाहेर काढल्यावर काही मिनिटांत जाऊ शकतो, कारण हृदय बंद पडते. आणि त्यातून वाचला तरी पुढच्या काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली माणसे नंतर इस्पितळात का दगावतात, याचा शोध एरिक बायवॉटर्स या डॉक्टरने घेतला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. म्हणून जाणकार पथके शक्य असेल तर स्लॅब उचलण्याआधीच अडकलेल्या माणसाला सलाइन लावतात. शेजाऱ्याने काय करायचे? नुकताच अडकला असेल आणि ओझे सुरक्षितपणे हलवता येत असेल तर हलवायचे. फार वेळ झाला असेल तर ओढाताण न करता डॉक्टर किंवा पथक येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचे, आणि किती वाजल्यापासून अडकला आहे ते नक्की सांगायचे. ही वेळ सांगणे हेसुद्धा उपचाराचा भाग आहे.

एप्रिल २०२३ मध्ये वळपाड्याला वर्धमान कंपाउंडची इमारत पडली. तिथे एका माणसाला वीसेक तासांनी जिवंत बाहेर काढले. तेव्हा टीव्हीवर ते पाहून आपण टाळ्या वाजवल्या. त्या वीस तासांमागे किती शिकणे-शिकवणे असते ते आता कुठे आमच्या लक्षात येते. एन.डी.आर.एफ. २००६ मध्ये उभे राहिले, त्याची पाचवी बटालियन आपल्या पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. त्यांच्यात ढिगाऱ्यात शोध घेण्याचे आणि जागेवर उपचार करण्याचे वेगवेगळे वर्ग होतात, आणि शिकलेले जुने जवान नव्यांना तर शिकवतातच, शिवाय शाळा-कॉलेजांत येऊन आपल्यालाही शिकवतात. सरकारची 'आपदा मित्र' नावाची योजनाही आहे. २०१६ मध्ये ती ३० पूरप्रवण जिल्ह्यांत ६,००० स्वयंसेवकांपासून सुरू झाली आणि पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाखांपर्यंत नेण्याचे ठरले.

इथे थोडे कडू बोलतो. आपल्याकडे ट्रस्ट, मंडळे, जमाती अ‍ॅम्ब्युलन्स घेतात. सदक्याचा पैसा, नेक काम, त्यात शंका नाही. कोविडच्या वर्षी शांतीनगरच्या मक्का मशिदीत ऑक्सिजनचे केंद्र उभे राहिले, तेव्हा लोकांनी काय काय केले ते आपण पाहिले आहे. पण गाडीचे उद्घाटन होते, हार घातला जातो, देणगीदारांची नावे दोन्ही बाजूंना रंगवली जातात, आणि चावी अशा मुलाच्या हाती दिली जाते ज्याला सिलिंडरचा नॉब कुठल्या बाजूला फिरवायचा हे कोणी दाखवलेले नसते. गाडीला लाखो रुपये, आणि त्या मुलाला शिकवायला एक रविवारही नाही. एक जीव वाचवण्याच्या थोरवीवर आपण जलशांत तासन् तास ऐकतो. हात कुठे ठेवायचा, ते तिथे कोणी सांगत नाही.

कोणी म्हणेल, चालकाकडून डॉक्टर शिकतो, कमी शिकलेला जास्त शिकलेल्याला शिकवतो, हे उलटेच झाले. पण या पेशाची सुरुवातच काहीशी अशी झाली. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात हिल डिस्ट्रिक्ट नावाची काळ्या लोकांची गरीब वस्ती होती. तिथे आजारी माणसाला पोलिसांच्या गाडीत मागे टाकून नेत, उपचार काही नाही. १९६७ मध्ये तिथल्याच बेरोजगार तरुणांना घेऊन 'फ्रीडम हाउस' नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. अनेकांचे शाळेचे शिक्षणही अर्धवट होते. त्यांना शिकवले पीटर साफर यांनी. छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याची आजची पद्धत ज्यांनी घडवली त्यांच्यातले हे मोठे नाव. त्यांची स्वतःची लहान मुलगी आदल्याच वर्षी दम्याच्या झटक्यात गेली होती. सुमारे ३०० तासांचे शिक्षण घेऊन ही मुले रस्त्यावर उतरली आणि शहरातल्या श्रीमंत वस्त्यांनाही मिळत नव्हता असा उपचार गरिबांच्या दारात मिळू लागला. पुढे नॅन्सी कॅरोलिन या डॉक्टर त्यांच्याबरोबर गाडीतून फिरल्या, आणि त्यांनी लिहिलेल्या पुस्तकावर अमेरिकेतल्या पॅरामेडिकांच्या पिढ्या शिकल्या. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली, फ्रीडम हाउस बंद झाले आणि ज्यांनी हे काम उभे केले होते त्यातल्या बऱ्याच जणांना बाजूला सारले गेले. तरी त्यांच्यातला एक, जॉन मून, टिकून राहिला. तो शहराच्या सेवेत वरच्या अधिकारपदापर्यंत गेला आणि आपल्यासारख्या वस्त्यांतली मुले भरती व्हावीत म्हणून झटला.

आता आमच्या विद्यार्थ्याकडे परत येतो, कारण शिकवण्याचा आणखी एक भाग आहे आणि त्या शांतीनगरच्या बाईंना आम्हाला तोच सांगायचा होता.

नोकरीला सात-आठ महिने झाले असतील. संध्याकाळी कॉल आला, दोन वर्षांचे मूल, घशात शेंगदाणा. वंजारपट्टी नाक्यावर आपली नेहमीची कोंडी. गाडी पोहोचली तोवर घरच्यांनी बोट घालून दाणा आणखी आत ढकलला होता. याने जे शिकला होता ते सर्व केले. मूल गेले. परत येताना तो एक शब्द बोलला नाही. मनात ठरवून टाकले होते की उद्यापासून यायचे नाही.

काकांनी सांत्वन वगैरे केले नाही. म्हणाले, "डॉक्टर, सक्शन मशीन धुवा. बॅग मोजून लावा." दोघांनी मिळून गाडी पुसली. मग टपरीवर चहा घेतला आणि काका म्हणाले, "आता पहिल्यापासून सांगा. दार उघडल्यापासून काय काय केले." याने सांगितले. काकांनी मध्येच थांबवून विचारले, "मग? त्यानंतर?" शेवटी म्हणाले, "यात तुम्ही वेगळे काय करू शकला असता?" तो खूप वेळ विचार करून म्हणाला, "काही नाही." काका म्हणाले, "मग जेवून झोपा. माझ्याही एकाचा चेहरा अजून येतो. येत राहणार." त्या रात्री अकराला काकांचा फोन आला, जेवलात का एवढेच विचारायला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला.

त्याच्यानंतर आलेल्या एका नव्या डॉक्टरला आता तो असाच टपरीवर घेऊन जातो. आम्ही विचारले, हे करायचे असे वरून काही ठरलेले आहे का? म्हणाला, "नाही सर. काकांनी माझ्यासाठी केले म्हणून."

(घरात लहान मूल असेल तर हे वाचून ठेवा. घशात अडकले आणि मूल खोकत असेल तर खोकू द्या. खोकला, आवाज बंद झाला तर पुढे वाकवून पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, तळव्याने पाच थापा. वर्षापेक्षा मोठ्या मुलाला त्यानंतर मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब. वर्षाच्या आतले असेल तर पोट दाबायचे नाही, छातीच्या मध्यभागी दाबायचे. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट फिरवायचे नाही.)

मुलींच्या प्रश्नावर मात्र त्याने आमच्या अपेक्षेपेक्षा सरळ उत्तर दिले. "सर, छातीत दुखते म्हणून एखाद्या खालांकडे जातो. ई.सी.जी.साठी छातीवर पट्ट्या लावायच्या असतात. घरचे म्हणतात, थांबा, आधी मोठ्या मुलाला येऊ द्या. दहा मिनिटे जातात. गाडीवर बाई असली की दहा सेकंद लागतात." बाळंतपणाच्या कॉलचे तर विचारूच नका, म्हणाला.

आम्ही हे सर्व त्या बाईंना कळवले. अडचणीही लपवल्या नाहीत. बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी, पगार कामाच्या मानाने थोडा, रात्रपाळी असते. बारावी सायन्सनंतर पदविका आणि पदवी दोन्ही आहेत, पण प्रवेश घेण्याआधी संस्थेची मान्यता नीट तपासा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने डॉक्टर-नर्सखेरीज इतर आरोग्य व्यावसायिकांना मान्यता दिली आहे, आणि तातडीच्या उपचारांचे तंत्रज्ञ म्हणजे पॅरामेडिक त्या यादीत आहेत. रस्त्यावरच्या जखमीला मदत केली तर पोलिस मागे लागतील, या भीतीलाही आता आधार उरलेला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, स्वतःचे नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

बाई म्हणाल्या, "तिच्या अब्बांना सांगते." सूर तितका कडक नव्हता.

गेल्या रविवारी आमच्या शाळेत पहिला वर्ग झाला. डॉक्टर आला, सुट्टी असूनही काका आले, आणि कुठूनतरी मागून आणलेली रबराची बाहुली आली. आठवी-नववीची मुले, काही पालक, दोन रिक्षावाले, एका ट्रस्टच्या अ‍ॅम्ब्युलन्सचा चालक. माणूस अचानक कोसळला, हाक मारून उत्तर नाही, श्वास नीट चालत नाही, तर १०८ लावा आणि छातीच्या मध्यभागी दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वेग कसा लक्षात ठेवायचा, असे एकाने विचारले. डॉक्टरने खिडकीकडे बोट दाखवले. पलीकडच्या कारखान्यातला माग रविवारीही चालू होता. त्याने घड्याळ लावून मोजले होते, तो एकशे वीसच्या आसपास भरला. सगळे माग तसे नसतात, पण वर्गाला खूण पटली.

ती मुलगी आली होती, अम्मीबरोबर. अब्बा फाटकापर्यंत सोडायला आले आणि बाहेरच उभे राहिले. तासाभराने वर्गाच्या दारात आले. त्यांनी डॉक्टरला एकच विचारले, रात्रपाळी सुटल्यावर घरी सोडायला गाडी असते का. डॉक्टर म्हणाला, सगळीकडे नसते, तुम्हाला आणायला यावे लागेल. ते काही बोलले नाहीत. हो म्हटलेले नाही, नाही म्हटलेले नाही. मुलगी तोवर बाहुलीपाशी बसली होती आणि चौथ्या मिनिटाला तिचे हात थकू लागले होते. काकांनी तिच्या शेजारी बसलेल्या अम्मीला खूण केली की आता तुम्ही घ्या, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो.

आमची पाळी शेवटी आली. दहा-बारा दाब झाले असतील, तोच काका मागून म्हणाले, "सर, कोपर वाकतेय."